सोसणें आणि सांगणें

आपल्या भाषेंत ज्या थोड्या शब्दांभोंवतीं पिढ्यानुपिढ्यांचा आदर सांठला आहे, त्यांत 'सोशीक' हा एक शब्द आहे. सुनेची वाखाणणी करावयाची झाली कीं ती सोशीक आहे असें आपण म्हणतों. घरांतील म्हातारा माणूस गेला म्हणजे 'शेवटपर्यंत हूं कीं चूं केलें नाहीं' हें वाक्य त्याच्या स्तुतींत हमखास येतें. उलटपक्षीं जो आपलें दुखणें बोलून दाखवितो, त्याच्याविषयीं आपल्या मनांत नकळत कां होईना थोडी कमीपणाची भावना उत्पन्न होते. रडका, कुरकुऱ्या, नाजूक हीं विशेषणें त्याच्यासाठीं तयारच असतात. ह्यावरून असा एक नीतिनियम आपण मुकाट्यानें मान्य केलेला दिसतो कीं, दुःख सोसणें हा सद्गुण होय व तें सांगणें हा त्या सद्गुणांतील उणेपणा होय. हा नियम कितपत खरा आहे ह्याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

असला प्रश्न नुसत्या तर्कानें सोडवूं गेल्यास तो हातांतून निसटतो. दुःख म्हणजे कोणतें, सोसणें म्हणजे किती, सांगावयाचें तें कोणाला, हें ठरल्यावांचून केलेला निवाडा पोकळ असतो. म्हणून आम्ही एकच दुखणें समोर ठेवतों. मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें ज्यांना यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावें लागतें, म्हणजे ज्यांचें डायलिसिस चालू असतें, त्यांच्यापैकीं पुष्कळांना पायांची एक विलक्षण व्यथा जडते. ती दिसत नाहीं, मोजतां येत नाहीं, आणि बहुधा सांगितली जात नाहीं. आपल्या नीतिनियमाची परीक्षा पाहण्यास ह्याहून चांगली कसोटी मिळणें कठीण.

नागपूरच्या उत्तर भागांत जरीपटका नांवाची वस्ती आहे. जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेंतील मानाचें निशाण. परंतु ह्या वस्तीची कहाणी विजयाची नसून सोसण्याची आहे. १९४७ सालच्या फाळणीनंतर सिंधमधील घरेंदारें टाकून आलेलीं पुष्कळ कुटुंबें येथें वसलीं आणि लहानसहान व्यापारापासून आरंभ करून त्यांनीं आपला संसार पुन्हां उभा केला. जे लोक सर्वस्व गमावूनही रडत बसले नाहींत, त्यांच्या घरांत तक्रारीला मान नसावा हें साहजिकच आहे. अशाच एका घरांतील वृद्ध कापडवाले आमच्या परिचयाचे आहेत. मधुमेह जुना, मूत्रपिंडें थकलेलीं, आठवड्यांतून तीन वेळां चार चार तास डायलिसिस. प्रकृति विचारली तर उत्तर एकच, 'ठीक आहे, चाललें आहे.' त्यांच्या पत्नीकडून मात्र असें कळलें कीं, गृहस्थ मध्यरात्रीं उठून अंथरुणाबाहेर येतात आणि उघडे तळवे फरशीच्या गारव्यावर टेंकून पहांटेपर्यंत बसून राहतात. पायांत निखारे भरल्यासारखें वाटतें असें ते एकदां पत्नीला बोलून गेले. डॉक्टरांना त्यांनीं हें कधींच सांगितलें नव्हतें.

ही व्यथा आजची नव्हे. चरकसंहितेंत प्रमेहाचीं जीं पूर्वरूपें सांगितलीं आहेत, त्यांत हातापायांची बधिरता आणि दाह ह्या दोहोंचा उल्लेख आहे. बधिरता व दाह हीं एकाच ठिकाणीं कशीं नांदतात ह्याचें प्रथम आश्चर्य वाटतें; पण ह्या दुखण्याचा सारा स्वभाव ह्या जोडींतच आहे. शरीरांतील सर्वांत लांब ज्ञानतंतु म्हणजे कमरेच्या मणक्यांपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे. साखरेनें, अगर मूत्रपिंडें बंद पडल्यामुळें रक्तांत सांचणाऱ्या विषारी द्रव्यांनीं तंतूंचा नाश होऊं लागला कीं हे लांब तंतु आधीं सांपडतात. म्हणून व्यथा बोटांपासून सुरू होते आणि पायमोजा चढवावा तशी वर चढत जाते. जो तंतु मेला तो कांहींच कळवीत नाहीं, ती बधिरता. जो अर्धमेला आहे तो कारण नसतांना ओरडत राहतो. तो दाह, त्या सुया, त्या विजेसारख्या कळा. रात्रीं इतर संवेदना शांत झाल्या म्हणजे हें ओरडणें अधिक मोठ्यानें ऐकूं येतें, आणि अंगावरील चादरीचा स्पर्शही असह्य होतो. आणि पाहावें तर पायावर जखम नाहीं, सूज नाहीं, कांहीं नाहीं. 'ज्याचें जळतें त्याला कळतें' ही म्हण इतकी अक्षरशः लागू पडणारें दुसरें दुखणें आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां ह्या रोग्याच्या जीवनाचा उरलेला भाग पाहूं. विलेम कोल्फ ह्या डच डॉक्टरनें १९४३ सालीं, त्याचा देश जर्मनांच्या ताब्यांत असतांना, काम्पेन गांवीं पहिलें कामाचें कृत्रिम मूत्रपिंड बनविलें. सॉसेजच्या वेष्टनास वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या त्यानें एका फिरत्या पिंपावर गुंडाळल्या होत्या. आरंभींचे जवळजवळ सर्व रोगी दगावले. १९४५ सालीं एक वृद्ध स्त्री वांचली आणि कल्पना खरी ठरली. पुढें १९६० सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर ह्यांनीं हातांतील रक्तवाहिन्यांना कायमची जोडनळी बसविण्याची युक्ति काढली, तेव्हांपासून वर्षानुवर्षें यंत्रावर जगणें शक्य झालें. ही मानवी बुद्धीची मोठीच जीत होय. परंतु तिची मर्यादाही ध्यानांत ठेविली पाहिजे. निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास काम करतें. यंत्र तेंच काम १२ तासांत उरकूं पाहतें. एका बैठकीस सुमारें १२० लिटर शुद्ध पाणी रक्ताच्या शेजारून वाहतें, तरीही सर्व विष निघत नाहीं. सिॲटलच्या त्या पहिल्या रोग्यांपैकीं कांहींचे पाय दुबळे व बधिर होऊं लागले. शुद्धीचे तास वाढविल्यावर तें दुखणें आटोक्यांत येऊं लागलें. म्हणजे पायांची व्यथा ही कधीं कधीं यंत्राच्या अपुरेपणाची खूण असते. ती दडवून ठेवणें म्हणजे घड्याळ मागें पडत असतांना कांटे झांकून ठेवण्यासारखें आहे.

ह्याशिवाय पथ्य आहे. ज्याला लघवी होत नाहीं त्याला पाणी मोजून प्यावें लागतें. दिवसाचें पाणी, चहा, वरण सर्व मिळून एक लिटरच्या आसपास. नागपूरच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, शेजारच्या दुकानापुढें माठ भरलेला असतो, आणि हा माणूस बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून दुपार काढतो. ज्या शहराची ख्याति संत्र्यांनीं देशभर गेली, त्या शहरांत राहून त्याला संत्रें वर्ज्य. कारण त्यांतील पोटॅशियम रक्तांत वाढल्यास हृदय थांबूं शकतें. सिंधी घरांत पाहुण्यापुढें पाण्यासोबत पापड यावयाचा. पण पापडांतील मीठ तहान वाढवितें, तहान वजन वाढवितें, आणि वाढलेलें वजन पुढच्या बैठकीस यंत्रावर उतरवितांना पायांत पेटके आणतें. असा हा मनुष्य सकाळपासून रात्रीपर्यंत सोसतच असतो. सोसणें हा त्याचा धंदाच होऊन बसतो. म्हणून पायांचें नवें दुखणें आलें तर तें तो जुन्या खात्यांत जमा करून टाकतो. इतकें सोसतों, तर हेंही!

ह्या मौनाचीं कारणें आम्हांस तीन दिसतात. पहिलें भिडेचें: चार तास यंत्राशेजारीं राबणाऱ्या माणसांना आणखी त्रास कशाला द्यावा? दुसरें भीतीचें: सांगितलें तर आणखी तपासण्या, आणखी खर्च, कदाचित् पाय कापण्याचीच गोष्ट निघेल. तिसरें कारण अधिक खोल आहे, आणि तेंच नैतिक आहे. जीव वांचला हेंच मोठें भाग्य, त्यावर आणखी सुखाची मागणी करणें कृतघ्नपणाचें, असें रोग्याला वाटतें. पहिल्या दोन कारणांचें निरसन चांगला डॉक्टर करूं शकेल. तिसऱ्याचें निरसन विचारानेंच व्हावें लागेल.

मौनाच्या पक्षानें बोलणाऱ्यांपाशीं आधार नाहीं असें नाहीं. वेदान्तांत साधकाची जी षट्‌संपत्ति सांगितली आहे तींत तितिक्षा म्हणजे सहनशीलता येते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतही शीत, उष्ण, सुख व दुःख सहन करण्याचा उपदेश अर्जुनास केलेला आहे. परंतु त्या उपदेशास जोडलेलें कारण आपण बहुधा विसरतों. तीं सुखदुःखें येणारीं व जाणारीं, अनित्य आहेत, म्हणून तीं सहन कर, असें तेथें म्हटलें आहे. थंडी येते आणि जाते. ज्ञानतंतूंचा दाह असा येऊन जात नाहीं. तो आला कीं मुक्काम करतो आणि दुर्लक्ष केल्यास वाढतो. आत्म्याच्या दृष्टीनें देहाचें सर्वच अनित्य, हें खरें. पण त्या न्यायानें औषधच काय, डायलिसिससुद्धां अनावश्यक ठरेल. जो माणूस यंत्रावर जाऊन बसला, त्यानें देहाची काळजी घेण्याचें एकदां पत्करलेलें आहे; मग ती पायांच्या घोट्यापाशीं थांबविण्यांत सुसंगति कोठली? शिवाय अर्जुनाला सहन करण्यास सांगितलें तें कांहीं करण्यासाठीं, समोरचें कर्तव्य सुटूं नये म्हणून. ज्या सोसण्यानें माणूस कर्तव्याला अधिक मोकळा होतो, तें सोसणें तितिक्षा होय. ज्या सोसण्यानें त्याची झोंप जाते, स्वभाव चिडका होतो, दुकानावर लक्ष लागत नाहीं आणि नातवंडें जवळ येईनाशीं होतात, त्याला तितिक्षा म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

आणि ह्या दुखण्यांत मौन निरुपद्रवी नसतें. 'पाय दुखतात' ह्या दोन शब्दांखालीं डायलिसिसच्या रोग्याची निदान चार निरनिराळीं दुखणीं लपलेलीं असतात. एक, वर वर्णिलेला तंतूंचा दाह. दुसरें, संध्याकाळ झाली कीं पाय हलविल्यावांचून चैनच न पडणें. हलविले कीं बरें वाटतें, थांबले कीं पुन्हां तळमळ. हें दुखणें निराळें आहे. १९४५ सालीं स्वीडनच्या एकबोम ह्यांनीं त्याचें सविस्तर वर्णन केलें, आणि शरीरांतील लोह कमी असल्यास तें बळावतें. तिसरें, रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळें चालतांना पोटऱ्यांत येणारी कळ, व गार पडलेलें पाऊल. हें पाय गमावण्याच्या दिशेनें टाकलेलें पाऊल असूं शकतें. चौथें, पाणी झपाट्यानें काढल्यामुळें येणारे पेटके. ह्या चौघांचीं औषधें चार प्रकारचीं आहेत. जो नुसतें सोसतो त्याला चारही सारखींच. जो नीट सांगतो त्यालाच त्यांतील भेद उपयोगी पडतो.

न सांगणारा माणूस निरुपायही राहत नाहीं. तो चोरून उपाय करतो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांतून दुखण्याची गोळी आणतो. ह्या नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाची उरलीसुरली शक्ति घालवितात आणि पोटांत रक्तस्राव करूं शकतात. तंतूंच्या दाहावर तर त्यांचा गुण फारसा येतच नाहीं. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचें गॅबापेंटिन वा प्रिगॅबालिन घेणारेही पुष्कळ. हीं औषधें ह्या दाहावर खरोखर चालतात. परंतु तीं शरीराबाहेर पडतात मूत्रपिंडावाटे. जेथें तो दरवाजाच बंद आहे तेथें शेजाऱ्याची मात्रा अंगांत सांचत जाते. मग गुंगी, तोल जाणें, हातापायांना झटके, बडबड. हाच रोगी डॉक्टरांच्या सल्ल्यानें अगदीं थोड्या मात्रेवर, बहुधा डायलिसिस झाल्यानंतर, तेंच औषध घेईल तर त्याला रात्रीची झोंप मिळूं शकते. गोळी सोसवत नसेल तर लिडोकेनच्या बधिर करणाऱ्या पट्ट्या आहेत. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यांत आहे त्या कॅप्सेसिनचें मलम आहे, तें मात्र अखंड कातडीवरच लावावयाचें, जखमेवर कदापि नाहीं. ब जीवनसत्त्वांतील कांहीं डायलिसिसबरोबर वाहून जातात, तीं भरून काढावीं लागतात. पण त्यांतील ब६ बेसुमार घेतल्यास तेंच तंतूंना मारतें. विष आणि औषध ह्यांतील अंतर येथें केवळ मात्रेचें आहे, आणि मात्रा ठरते ती बोलण्यानें.

ह्याहून मोठा धोका पुढें आहे. एके दिवशीं दाह आपोआप कमी होतो. रोग्याला वाटतें, सोसण्याचें फळ मिळालें. पुष्कळदां खरी गोष्ट अशी असते कीं, ओरडणारे तंतु मेलेले असतात. आतां बुटांत खडा गेला तरी कळत नाहीं. वैशाखांत गच्चीवर वा मंदिराच्या तापल्या फरशीवर अनवाणी चालल्यानें तळव्याला फोड आला तरी कळत नाहीं. शेकायला घेतलेल्या गरम पाण्याच्या पिशवीनें कातडी भाजते आणि माणूस शांत झोंपलेला असतो. अशाच एका न दुखणाऱ्या जखमेंतून पाय जातो. म्हणून रोज रात्रीं तळवे आरशांत पाहावे किंवा घरच्यांकडून पाहवून घ्यावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्या, नखें सरळ कापावीं, घरांतही पादत्राण वापरावें, पाणी पायानें नव्हे तर कोंपरानें अजमावावें, हे नियम इतके क्षुद्र दिसत असले तरी त्यांत एक मोठें तत्त्व आहे. वेदना ही शत्रु नसून पहारेकरी होती. पहारेकरी मेला तर त्याचें काम डोळ्यांनीं केलें पाहिजे.

येथें चरकाचा पुन्हां आधार घेण्यासारखा आहे. चिकित्सेचे चार पाद त्यानें सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. रोग्याचे गुण कोणते? स्मृति, सांगितलेलें पाळण्याची वृत्ति, निर्भयता, आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपला रोग दुसऱ्यास नीट कळविण्याची शक्ति. ह्या यादींत सोसण्याचें नांव नाहीं. सांगण्याचें आहे, आणि तें निर्भयतेच्या शेजारीं बसविलेलें आहे. आमच्या मतें ही जागा फार अर्थपूर्ण आहे. आपण समजतों कीं भित्रा माणूस सांगतो व धीट माणूस सोसतो. चरकाच्या यादीवरून पाहतां, सांगण्यासच धैर्य लागतें. जें दिसत नाहीं, जें कोणी खोटें म्हणूं शकेल, तें दुसऱ्यापुढें मांडणें हें गप्प बसण्यापेक्षां खचित अवघड आहे.

अर्थात् सांगणें म्हणजे रडणें नव्हे, आणि कुरकुर तर मुळींच नव्हे. रडणारा आपली दया करावी असें इच्छितो. कुरकुर करणारा दुसऱ्यास दोष देतो. सांगणारा दुसऱ्यास ज्ञान देतो. कोठें दुखतें, केव्हां, जळतें कीं टोंचतें कीं ओढतें, चाललें तर वाढतें कीं कमी होतें, त्यामुळें कोणतें काम अडतें, आणि कोणतें औषध आपण होऊन घेतलें, ह्या गोष्टी दोन मिनिटांत सांगतां येतात. वहींत टिपून ठेवल्या तर त्याहूनही लौकर. इतकें केलें कीं रोग्यानें आपलें कर्तव्य केलें. पुढें कर्तव्य ऐकणाऱ्याचें.

ऐकणाऱ्याचें पहिलें कर्तव्य विश्वास ठेवण्याचें. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघानें १९७९ सालीं वेदनेची व्याख्या केली आणि २०२० सालीं तींत सुधारणा केली. सुधारलेल्या व्याख्येसोबतच्या टिपांत असा भाव आहे कीं, वेदना हा नेहमींच व्यक्तीचा स्वतःचा अनुभव असतो, आणि एखाद्यानें आपल्याला वेदना होते असें सांगितल्यास त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. शास्त्रानें आपल्या व्याख्येपाशीं एक नैतिक आज्ञा ठेवावी ही घटना लहान नाहीं. ज्या वस्तूचें प्रमाण दुसऱ्याच्या शब्दावांचून मिळतच नाहीं, तेथें शब्दावर विश्वास हेंच ज्ञानाचें साधन होतें. 'रिपोर्ट तर ठीक आहेत' असें म्हणून जो रोग्याला वाटेस लावतो, तो निर्दय असेलच असें नाहीं. पण त्यानें पुरावा नाकारला आहे हें निश्चित.

विश्वासानंतर सेवा. दुखरा पाय चेपल्यानें बरें कां वाटतें ह्याची उपपत्ति मेल्झॅक व वॉल ह्यांनीं १९६५ सालीं मांडली: मेरुरज्जूंत जणूं एक दार आहे, स्पर्शाचा निरोप त्यांतून पुढें सरकला कीं वेदनेच्या निरोपास वाट मिळत नाहीं. आपल्या घरांतून हें ज्ञान शास्त्राच्या आधींपासून आहे. वडीलधाऱ्यांचे पाय चेपणें ही आपल्याकडे सेवेची पहिली पायरी. ज्यांना हलका स्पर्शही जाळतो त्यांना तें मानवत नाहीं, पण पुष्कळांना मानवतें. आणि येथेंच आमच्या प्रश्नाचें सर्वांत अवघड टोंक आहे. नवऱ्याचे पाय बायकोनें चेपावे हें आपल्याला स्वाभाविक वाटतें. शेषशायी विष्णूच्या पायांशीं लक्ष्मी बसलेली आपण घरोघर पाहतों. पण डायलिसिसवर जी स्त्री आहे तिचे पाय कोणीं चेपावे? सुनेला दुकान, मुलें, स्वयंपाक, मुलगी सासरीं, आणि नवऱ्यानें पायाला हात लावणें हें तिला स्वतःलाच पाप वाटतें. म्हणून ती सांगतच नाहीं. पुरुषाचें मौन पुष्कळदां अभिमानाचें असतें. तिचें मौन तिच्यावर लहानपणापासून लादलेलें असतें, आणि त्यालाच आपण सोशीकपणा म्हणून गौरवितों. आम्हांस असें वाटतें कीं, ज्या सद्गुणाची अपेक्षा घरांतील एकाच व्यक्तीकडून केली जाते, त्याविषयीं घरांतील इतरांनीं साशंक असावें. तो बहुधा तिचा सद्गुण नसून आपली सोय असते. जो नवरा अशा रात्रीं उठून पत्नीचे तळवे हातांत घेईल, त्यानें धर्म मोडला असें म्हणण्याची आमची छाती नाहीं. विनयपिटकांतील कथेप्रमाणें प्रत्यक्ष बुद्धानें मळांत पडलेल्या आजारी भिक्षूस स्वतःच्या हातांनीं धुतलें होतें, आणि रोग्याची शुश्रूषा म्हणजे आपलीच शुश्रूषा असें संघास बजाविलें होतें. सेवा वरून खालीं वाहूं शकते, हेंच त्या कथेचें मर्म होय.

समाजाचेंही ऐकण्याचें कर्तव्य आहे. सिॲटलमध्यें १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत यंत्रें थोडीं व रोगी फार, म्हणून कोणाला जगवावें हें ठरविण्यास नागरिकांची एक समिति बसत असे. ती उत्पन्न, शिक्षण, कुटुंब, चर्चमधील कार्य ह्यांचा विचार करी. १९६२ सालीं 'लाइफ' साप्ताहिकानें ही हकीकत छापली तेव्हां अमेरिकेंत मोठी खळबळ उडाली. आपल्याकडे अशी समिति बसली नाहीं. तिचें काम पैशानें केलें. २०१६ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. महाराष्ट्रांत महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंतही डायलिसिसचा समावेश आहे. हीं पावलें योग्यच आहेत. पण जीव वांचविण्याची सोय झाली म्हणजे माणसाचें सारें देणें फिटलें असें नव्हे. बैठकींची संख्या नोंदतां येते. त्या बैठकींमधल्या रात्रींची नोंद कोणत्या वहींत होते? पाय तपासणें व त्याविषयीं विचारणें हें ज्या दिवशीं वजन व रक्तदाब घेण्याइतकें सहज होईल, त्या दिवशीं रोग्याच्या कृतघ्नतेच्या भयास जागा उरणार नाहीं. कारण मग तो मागत नसून विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देत असेल.

सांगणाऱ्याचें धैर्य खच्ची होतें असें ज्यांना वाटतें, त्यांनीं दोन उदाहरणें डोळ्यांपुढें आणावीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांना मधुमेह होता आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पायांच्या तंतूंच्या व्यथेनें त्यांना फार गांजलें होतें. त्यांनीं ती लपविली नाहीं; उपचार घेतले, १९४८ सालीं विवाह केला तो एका डॉक्टर स्त्रीशीं, आणि प्रकृतीची काळजी तिच्या हातीं सोंपविली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत लाखों अनुयायांपुढें ते धम्मदीक्षेस उभे राहिले तेव्हां हातांत काठी होती आणि सोबत्याचा आधार होता. त्या काठीनें त्यांच्या उभें राहण्याची किंमत कमी झाली असें कोण म्हणेल? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनीं ह्याच व्याधिग्रस्त वर्षांत लिहिला. तो १९५७ सालीं, त्यांच्या पश्चात्, प्रसिद्ध झाला. दुसरें उदाहरण जयप्रकाश नारायण ह्यांचें. १९७५ सालच्या नोव्हेंबरांत ते बंदिवासांतून सुटले तेव्हां त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालेलीं होतीं; मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत त्यांचें डायलिसिस सुरू झालें आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजीं मृत्यु येईपर्यंत यंत्राशीं असलेला त्यांचा संबंध सुटला नाहीं. १९७७ च्या निवडणुकींत त्यांनीं देशभर जो प्रभाव पाडला तो हें जोखड मानेवर असतांना. दोघांनींही आधार घेतला. त्या आधाराच्या बळावर कार्य केलें.

सर्व सांगून, सर्व उपाय करूनही कांहीं वेदना शिल्लक राहते, हें आम्ही नाकारीत नाहीं. मेलेले तंतु औषधानें जिवंत होत नाहींत. मूत्रपिंडाचें रोपण झाल्यास पुष्कळांना आराम पडतो, पण तें सर्वांच्या नशिबीं नसतें. ह्या उरलेल्या वेदनेपाशीं मात्र सोसण्याचें खरें क्षेत्र सुरू होतें. बौद्ध वाङ्मयांत दोन बाणांचा एक दृष्टान्त आहे: शरीराची पीडा हा पहिला बाण, आणि तिच्याविषयींचा मनाचा आक्रोश हा दुसरा. पहिला चुकवितां येत नसला तरी दुसरा चुकवितां येतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मुकेपणानें तो चुकत नाहीं, उलट खोल रुततो. 'मी सर्वांना भार झालों' हा विचार ज्याच्या मनांत एकट्यानें कुजत असतो, त्याला दुसरा बाण पहिल्याहून जास्त लागलेला असतो. आणि तो उपटून काढावयास दुसऱ्याचा हात लागतो.

तेव्हां आपल्या नीतिनियमाची दुरुस्ती अशी करावी असें आम्हांस वाटतें: सांगण्याआधींचें सोसणें हा सद्गुण नव्हे, सांगितल्यानंतरचें सोसणें हा होय. पहिल्यांत उपाय करण्याची संधि वायां जाते, आणि घरच्या माणसांना, डॉक्टरांना, समाजाला आपलें कर्तव्य करण्याची जी संधि असते तीही हिरावून घेतली जाते. दुसऱ्यांत माणसानें आपल्याकडून करण्याजोगें सर्व केलेलें असतें, आणि जें उरलें तें तो उघड्या डोळ्यांनीं, आपल्या माणसांच्या संगतींत सोसतो. अशा सोसण्यापुढें आम्ही आदरानें मान लववूं. आणि ज्या घरांत डायलिसिसचा रोगी आहे, त्या घरांतील धडधाकट माणसास एवढेंच सुचवूं कीं, आज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं त्याला पायांविषयीं विचारावें, आणि 'ठीक आहे' हें उत्तर आल्यास आणखी एकदां विचारावें.